सायकलचे पैसे भरण्याआधी एवढं वाच

उत्रेख्त, नेदरलँड्स
१८ जानेवारी २०२६

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निवडलेल्या तीन सायकलींचे फोटो मिळाले. तिन्हींचं वजन आणि गिअर तू व्यवस्थित लिहिलेस, पण फ्रेममध्ये किती जाडीचा टायर बसतो ते लिहिलं नाहीस. नागपुरात रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल, घ्यायची तर आधी तेच विचारायचं. गिअर नंतर.

कारण आपले सिमेंट रस्ते. दोन स्लॅबच्या मधे रस्त्याच्या लांबीने जाणारा सांधा असतो, आणि कडेला स्लॅब संपून गट्टू (सिमेंटचे ठोकळे) सुरू होतात तिथे फट पडते, कधी कधी पातळीही खाली-वर असते. २३ किंवा २५ मिमीचा टायर त्या फटीत शिरला की हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. २८ बरा, ३२ असेल तर निर्धास्त. फट ओलांडायचीच झाली तर तिरकं घसटत जाऊ नकोस, जमेल तितकं काटकोनात ओलांड. नाल्यांवरच्या उभ्या गजांच्या जाळ्यांनाही हाच नियम.

दुकानात गेलीस की मागचं चाक नीट पाहा. पायडलपासून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणारे दोन दांडे चाकाला जिथे सर्वांत जवळ येतात, तिथे टायरच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिमी जागा हवी. पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, म्हणजे फोर्कच्या, माथ्याखालीही तेवढीच. स्वस्तातल्या रिम ब्रेकच्या (चाकाची कडा दाबणाऱ्या ब्रेकच्या) रोडबाईकला बहुतेक २८ च्या वर टायर जात नाही, आणि २८ घातला की मडगार्डला जागा उरत नाही. म्हणून तुझ्या तिघींपैकी केबलवाल्या डिस्क ब्रेकची (चाकाच्या मध्याजवळची चकती दाबणाऱ्या ब्रेकची) घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती अर्धा-एक किलो जड असेल, असू दे. पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, डिस्कवर तेवढा नाही. केबल डिस्कचं काम एवढंच की पॅड झिजले की पॅड धरणाऱ्या कॅलिपरवरचा स्क्रू थोडा थोडा आत घेत राहायचं. ते केलं नाही तर लिव्हर हँडलला टेकतो आणि लोक सायकललाच नावं ठेवतात.

आता माप. दुकानदाराकडे ५४ सेंमीची मोठी फ्रेम शिल्लक असेल तर "सीट खाली करून देतो, बसेल" असं तो म्हणणारच. ऐकू नकोस. सीट खाली होते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, आणि महिन्याभरात मान-खांदे दुखायला लागतात. घरीच माप घे: अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे सीटसारखं वर दाबून धर, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत आईला मोजायला सांग. ते ७४ सेंमी भरलं तर ०.६६५ ने गुणून ४९, म्हणजे ४९-५० ची फ्रेम, काही कंपन्यांची एक्सएस किंवा एस. सीटची उंची काढायला तेच माप ०.८८३ ने गुण. साधारण ६५ सेंमी येईल. ही उंची पायडलचे दोन्ही दांडे (क्रँक) ज्या मधल्या अ‍ॅक्सलवर फिरतात, तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायची. सुरुवातीला एक सेंमी खाली ठेवलीस तरी चालेल. हँडलची रुंदी ३८ किंवा ४० सेंमी घे, आणि ब्रेकचा लिव्हर बोटांच्या जवळ आणता येतो का ते विचार. लहान हातांसाठी ती सोय बहुतेक लिव्हरमध्ये असते, दुकानात कोणी सांगत नाही एवढंच.

गिअरवर फार डोकं खपवू नकोस. नागपूर सपाट आहे, चढ म्हणावा तर सेमिनरी हिल्सचा. खरा त्रास वर्धा रोडवर समोरून येणाऱ्या वाऱ्याचा. पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दात, आणि मागच्या चक्रांना ११ ते ३२ दात असले की भागतं. शिमानो कंपनीचा, मागे आठ गिअरचा क्लॅरिस संच पुरेसा आहे. त्याची चेन स्वस्त मिळते आणि टिकतेही. फक्त मागे सात गिअरचं फ्रीव्हील (चाकावर आट्याने बसवलेला गिअरचा जुन्या पद्धतीचा गठ्ठा) असेल तर ती सायकल सोडून दे. त्यात बेअरिंग आतल्या बाजूला असल्याने अ‍ॅक्सलचं टोक आधाराविना राहतं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो वाकतो. त्याऐवजी फ्रीहब आणि त्यावर सरकवून बसवलेली गिअरची कॅसेट आहे का, एवढंच विचार.

मिहानमधल्या ऑफिसला लॅपटॉप पाठीवर घेऊन जाऊ नकोस. मे महिन्यात पाठ नुसती भिजून निघेल. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलजवळ आणि सीटखालच्या दांड्यांवर स्क्रूची भोकं असतील तर कॅरिअर बसतं आणि बॅग बाजूला लटकवता येते. इकडे ऑफिसला जाणारी सायकल वेगळी, मडगार्ड-कॅरिअरची, आणि रविवारची रेसची वेगळी. तुला एकीवरच दोन्ही करायचंय, म्हणून ही भोकं हवीतच.

पंक्चरचं मुख्य कारण बाभळीचे काटे आणि हवा कमी असणं. तुझ्या वजनाला ३२ च्या टायरमध्ये मागे ५५-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पुढे ५० च्या आसपास ठेव. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज तेवढी भरायची नसते. आठवड्यातून एकदा गेज असलेल्या पंपाने हवा बघ. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपावरची नळी त्याला बसत नाही. पितळी अ‍ॅडॅप्टर बॅगेत ठेव. सायकल सावलीत लाव, भर उन्हात टायरमधली हवा सात-आठ पीएसआयने फुगते. पंक्चर काढलंस तर आधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोध. तो राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

पंचेचाळीस हजार ठरवलेत ना? त्यातले सात-आठ हजार हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, कुलूप, मडगार्ड, कॅरिअर आणि दोन ट्यूबसाठी बाजूला काढ. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, म्हणून जुना माल असेल तर एमआरपीचं स्टिकर पाहून बिलावर नवा दर लावलाय ना तेही बघ.

सायकल खोक्यातून निघून दुकानातच जोडली जाते, तेव्हा ताबा घेण्याआधी तिथेच उभी राहून तपास. फोर्क उलटा बसवलेला असू शकतो. त्याचा बाक पुढे हवा. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, जबरदस्तीने फिरवला तर क्रँकच खराब होतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलव, हँडलखाली खटखट जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरवणारं बेअरिंग, ढिला आहे. चाकं फिरवून डुलतात का बघ. पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर केबल सैल पडून गिअर अडखळतील. त्यात बिघाड काही नसतो. फुकट सर्व्हिस तेव्हाच करून घे आणि स्पोक ताणून घ्यायला सांग, पहिल्या महिन्यात ते बसतात.

पायाचं माप आणि त्या डिस्कवालीच्या मागच्या चाकाचा जवळून काढलेला फोटो पाठव. पैसे त्यानंतर भर. आईला आणि आजीला नमस्कार.

तुझा,
मामा