रहस्यकथांचे कपाट विचारपूर्वक लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक खरेदीच्या याद्या बनू लागल्या की आपल्याकडच्या ग्रंथालयांत रहस्यकथांचा नंबर शेवटी लागतो. चरित्रे, संदर्भग्रंथ, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आधी. उरलेल्या पैशांत चार थरारक कादंबऱ्या, त्याही विक्रेता पुढे करील त्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून ज्या कोल्हापुरात उभे आहे, तिथे या वाचकाची अशी बोळवण व्हावी हे मनाला लागते. आठवड्यातून दोनदा पुस्तक बदलायला येणारा वाचक बहुधा हाच असतो. त्याला कोणते पुस्तक कोणत्या क्रमाने द्यावे, याचा विचार देवघेवीच्या टेबलावर व्हावा, म्हणून हे पत्र.

'काहीतरी थरारक द्या' म्हणणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचाराव्यात. गुन्हेगार शेवटपर्यंत कळू नये असे वाटते, की तो माहीत असला तरी पाठलागात मन रमते? आणि भुताखेताचे, अमानवी काही चालेल का? मोठी गल्लत होते ती रहस्यकथा आणि गूढकथा यांच्यात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत गाठ सुटेलच असे नाही; ती न सुटण्यातच कथेची भीती असते. पुरावे जुळवत वाचणाऱ्याला ती दिली, तर 'शेवट कुठे आहे?' म्हणत तो पुस्तक परत आणतो. नारायण धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांत झुंज अमानवी शक्तींशी आहे, खुनी शोधण्याचा तिथे प्रश्नच नाही. दोघेही अव्वल लेखक, पण त्यांना 'रहस्यकथा' या एकाच पाटीखाली कोंबले की वाचक आणि लेखक दोघांवरही अन्याय होतो.

शुद्ध शोधकथेसाठी अगाथा ख्रिस्ती हवीच, मात्र क्रम सांभाळून. मराठी अनुवादाचे शीर्षक अनेकदा वेगळे असते, म्हणून मूळ नावेच देतो. नव्या वाचकाला आधी 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) द्यावी. एका बेटावर दहा माणसे, प्रत्येकावर कायद्याच्या हाती न लागलेल्या मृत्यूचा आरोप, आणि उलगडा करून देणारा कुणी नायक-गुप्तहेर नाही. 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) मात्र पहिल्या भेटीत देऊ नये. वाचकाला शोधकथेचे संकेत अंगवळणी पडलेले असतील तरच तिचा धक्का पुरता बसतो. ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराच्या दोन-तीन कथा वाचून झाल्यावर ती द्यावी. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४) देताना चित्रपट पाहिला आहे का, हे विचारलेले बरे. शेरलॉक होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा आहेत. सुरुवात कथांपासून करावी. भालबा केळकरांचा मराठी होम्स आजही सरळ वाचत सुटावा असा आहे.

बंगालीतून आलेले दोन गुप्तहेर एकाच फळीवर ठेवण्याची चूक बरीच ठिकाणी होते. सत्यजित राय यांनी १९६५ पासून फेलूदा लिहिला तो 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती तो निर्धास्त द्यावा. शरदिंदु बंदोपाध्याय यांचा व्योमकेश (१९३२ पासून) प्रौढांचा आहे. त्यात विवाहबाह्य संबंध, वारसाहक्क, विषप्रयोग सगळे येते. बालविभागात त्याची जागा नाही.

पाठलागाची ओढ असलेल्यांसाठी फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) अजूनही उत्तम. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांची हत्या झाली नाही, हे आधीच ठाऊक असते. तरी मारेकऱ्याची एकेक तयारी, खोटे पासपोर्ट, खास बनवून घेतलेली बंदूक वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. कोर्ट-कायद्याची आवड असेल तर जॉन ग्रिशॅमची 'द फर्म' (१९९१). रॉबिन कुकची 'कोमा' (१९७७) फार चालते, पण शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या वाचकाला ती मुळीच देऊ नये. ऑपरेशन थिएटरमध्येच घात होणारी ती कथा आहे. आणि आपले बाबा कदम! पेशाने वकील, कोल्हापूरचे. गुन्ह्याची आणि इथल्या माणसांची अशी जाण फार थोड्यांना होती. त्यांच्या कादंबऱ्यांच्या जीर्ण प्रती रद्दीत काढण्याआधी बायंडिंगला द्याव्यात. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी या नायकांच्या पुस्तकांबाबतही तेच.

आता मांडणीविषयी. दशांश वर्गीकरणात (पुस्तकांना विषय-भाषेनुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत) मराठी कादंबरी ८९१.४६३ ला जाते, पण अनुवाद मूळ भाषेच्या क्रमांकाला. म्हणजे मराठीत वाचायची असली तरी ख्रिस्ती ८२३ ला, ग्रिशॅम आणि कुक ८१३ ला, व्योमकेश ८९१.४४३ ला. थरारकथेच्या वाचकाने चार कपाटे हिंडायची, आणि ही पुस्तके ग्रंथालयात आहेत हेच त्याला कळायचे नाही. वर्गांक बदलू नका. पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी लावा (शोधकथा, थरार, भय-गूढ असे तीन रंग पुरेत), ही पुस्तके एका स्वतंत्र मांडणीवर आणा आणि कॅटलॉगमध्ये ती जागा नोंदवा. मालिकेतल्या पुस्तकावर मूळ क्रमांकाची चिठ्ठी हवी, कारण अनुवाद मूळ क्रमानेच निघतात असे नाही.

या पुस्तकांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गळालेली शेवटची पाने. डिंकाने चिकटवलेल्या पॉकेटबुकाची पाठ मोडून वाचले की मुखपृष्ठ सुटते आणि चिकटलेले शेवटचे पान बरोबर ओढून नेते. मग मागची पाने एकेक करून सुटू लागतात. इतर कादंबरीत दोन पाने गेली तर चालवून घेता येते. इथे खुनीच हरवतो. दाखल रजिस्टरमध्ये पृष्ठसंख्येचा रकाना असतोच. तो आकडा मागच्या कव्हरच्या आत पेन्सिलीने लिहावा आणि परतीच्या वेळी शेवटचे पान त्याच्याशी ताडून पाहावे. काही सेकंदांचे काम आहे. सेलोटेप लावू नये. ती पिवळी पडते, चिकटा सोडते आणि कागद घेऊन निघते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरावी. बायंडरला आतला समास मोजून द्यावा. कडेने टाके घालून वर कटिंग केले की ओळींचे शेवट शिवणीत जातात. कुणी पहिल्या पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवले असेल तर पेन्सिल खोडता येते; शाईवर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवावी.

नव्या थरारकथेची मुदत सात दिवसांची ठेवावी आणि मागणीची वही टेबलावर उघडी असावी. वहीत एकाच पुस्तकासाठी पाच-सहा नावे साठली, तर नवे शीर्षक घेण्याआधी त्याचीच दुसरी प्रत घ्यावी.

आपल्या रविवार पुरवणीलाही एक विनंती. थरारक कादंबरीच्या परीक्षणात अनुवादकाचे नाव, मूळ शीर्षक, पृष्ठसंख्या आणि ती मालिकेतली असल्यास क्रमांक एवढे तरी छापावे. कथानक पहिल्या तृतीयांशापलीकडे सांगू नये. ग्रंथपाल त्या कात्रणांवरूनच खरेदीची यादी करतात.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी,
कोल्हापूर