दोष आईच्याच माथी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीतील मुलांच्या ॲलर्जीवरचा लेख वाचला. लहानपणी जंतूंशी गाठ पडली नाही तर शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरू शकते, हे लेखकांचे म्हणणे योग्य आहे. पण त्याचे सारे खापर मुलांना सतत हात धुवायला लावणाऱ्या आयांवर फोडून ते मोकळे झाले, हे मला मुळीच पटले नाही. १९८९ साली स्ट्रॅचन या संशोधकांनी ब्रिटनमध्ये नोंदवले ते असे, की ज्यांना थोरली भावंडे अधिक, त्या मुलांत परागज्वर, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी, कमी. २०१६ साली अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा दमा कमी आढळला तो घराजवळ गोठा असलेल्या आमिशांत. चोपडा तालुक्यात आमच्या लहानपणी म्हशींचा गोठा आणि निजायची खोली यांच्यामध्ये एक कूड तेवढा असे, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. पण यात आईचा साबण कुठे येतो?

लेखात प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक्सचा) उल्लेखच नाही. माझी नात सिझेरियनने जन्मली. अशा बाळांच्या आतड्यात आईकडून येणारे काही जिवाणू सुरुवातीला कमी असतात, आणि आईच्या दुधातील, बाळाला स्वतःला न पचणाऱ्या शर्करांवर बिफिडोबॅक्टेरिया हे आतड्यातले उपकारक जिवाणू पोसले जातात. ते जम बसवत असतानाच साध्या पडशासाठी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तिला दर वेळी प्रतिजैविकाची बाटली लिहून दिली. पडसे विषाणूंचे, त्यावर हे औषध चालत नाही. मरतात ते आतड्यातले जिवाणू. सुनेने भीतभीत विचारले, तर ‘मग औषधही तुम्हीच लिहा’ असे उत्तर मिळाले. आज नातीला इसब आहे आणि रात्री छातीत घरघर होते. ते त्या बाटल्यांमुळेच झाले असे कोणी खात्रीने सांगू शकणार नाही, परंतु तान्हेपणी दिलेली प्रतिजैविके आणि पुढचा दमा यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आणि तुमचा लेख वाचून माझी सून कालपासून स्वतःलाच दोष देते आहे.

शिवाय ‘मातीत खेळू द्या’ असे छापताना कोणती माती, हेही सांगायला हवे होते. आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारीकाठच्या चिखलातून मुलांना जंत आणि हगवणच मिळते. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात धुणे सोडू नये, हे पुढच्या रविवारी ठळक अक्षरांत छापावे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणाऱ्या औषध दुकानांविषयीही तिथेच लिहावे, ही विनंती.

— एक आजी, चोपडा (जि. जळगाव)