गळ्यातली नळी आणि गेलेली वीज

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डोक्याला मार, पक्षाघात, मण्यारीचा दंश, कीटकनाशकाची विषबाधा अशा कारणांनी बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहावे लागले की डॉक्टर ट्रॅकिओस्टॉमी करतात, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवतात. शस्त्रक्रिया मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीला होते आणि रुग्ण गळ्यात नळी घेऊन दापोली, राजापूर, देवगडच्या वाडीत परततो. तिथे सगळ्यात मोठी भीती असते ती नळी तुंबण्याची.

श्वासाची हवा गरम आणि ओलसर करण्याचे काम नाकाचे. नळीतून हवा थेट आत जाते, त्यामुळे कफ सुकतो आणि नळीच्या आतून खपली धरतो. किनाऱ्याची हवा दमट म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण चुलीचा धूर, चिरेखाणीची धूळ आणि पंख्याचा सरळ झोत त्यावर पाणी फिरवतात. नळीच्या तोंडाला एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारी छोटी डबी) लावावा. तो नसेल तर मलमलीचा एकपदरी, पिळून घेतलेला ओलसर तुकडा सैल बांधावा. नळीखाली ठेवायचे गॉज कात्रीने कापू नये, घडी घालावी. कापलेल्या कडेचे धागे श्वासनलिकेत जातात.

घरी पाठवताना आत दुसरी नळी असलेलीच नळी बसवावी, असा डॉक्टरांकडे आग्रह धरा. एकेरी नळी तुंबली तर सबंध काढावी लागते आणि ते घरच्यांच्या आवाक्यातले नसते. दुहेरीत आतली नळी फिरवून ओढली की वाट लगेच मोकळी होते. ती दिवसातून दोन-तीनदा, कफ जास्त असेल तर त्याहून अधिक वेळा, उकळून गार केलेल्या पाण्याने आणि बारीक ब्रशने धुवावी.

साठलेला कफ यंत्राने ओढून काढणे म्हणजे सक्शन. त्यासाठी आत घालायची बारीक लवचीक नळी, म्हणजे कॅथेटर, गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको : ८ नंबरच्या (आतला व्यास ८ मिमी) नळीला १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचे माप), ७ ला १०. आत घालताना सक्शन बंद हवे. बाहेर काढतानाच कॅथेटरच्या बाहेरच्या टोकाजवळच्या भोकावर अंगठा ठेवायचा, म्हणजे ओढ सुरू होते. एका खेपेला दहा सेकंद, दाब ८० ते १२० मिमी पारा, मग रुग्णाला श्वास घेऊ द्यायचा. कॅथेटर नळीच्या टोकापुढे ढोसला की आतले अस्तर खरवडते आणि कफात रक्त दिसू लागते.

सक्शनचे यंत्र विजेवर चालते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत अनेक दिवस अंधार होता. म्हणून पायाने चालवायचा सक्शन पंप ग्रामीण रुग्णालयांनी अशा घरांना वापरायला द्यावा, ही आरोग्य विभागाकडे मागणी आहे. तिथेच ७, ७.५ आणि ८ नंबरच्या नळ्याही असाव्यात. नळी निसटली तर गळ्याचे भोक काही तासांत आक्रसते. तेव्हा त्याच मापाची किंवा अर्ध्या नंबरने लहान नळी हाताशी लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात मात्र ती डॉक्टरांनीच बसवावी, कारण वाट अजून पक्की झालेली नसते.

१०८ च्या कर्मचाऱ्यांसाठी : ऑक्सिजनचा मास्क गळ्यावर धरा. नळीभोवतीचा, श्वासनलिका बंद करणारा फुगा फुगलेला असेल तर नाकातोंडावर दिलेला ऑक्सिजन फुप्फुसात पोचतच नाही. घरच्यांसाठी : बोलण्याची झडप (नळीच्या तोंडाला लावायची, हवा फक्त आत घेणारी) लावण्याआधी फुगा पूर्ण रिकामा करा, नाहीतर श्वास आत जातो पण बाहेर येत नाही.

घरातल्या दोघांनी सक्शन आणि आतली नळी धुणे परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही होऊ नये.

आपली विश्वासू,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका, रत्नागिरी जिल्हा