तात्या, तुमच्या त्या ओल्या गोणपाटाचे आभार

तात्या, तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही विषय बदलता म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय.

मागच्या साली सोयाबीनच्या बियाण्याची महागाची बॅग घेऊन मृगाच्या पहिल्याच पावसावर पेरलं होतं आणि निम्मं रान उगवलंच नाही. दुकानदार म्हणला पाऊस कमी पडला, ज्यांच्याकडं तक्रार केली ते म्हणले बिल आणि बॅगेचं टॅग आणा, ते मी कवाच फेकलेलं! फोन तर नंतर कुणी उचललाच नाही. असो.

यंदा घरचंच सोयाबीन बियाण्याला ठेवलं. तुम्ही सहज आलात, पोतं आपटताना बघून ओरडलात, "आरं साल पातळ असती त्याची, हळू ठेव." मग ओसरीवर बसून, दोऱ्यानं बांधलेला चष्मा सावरत, न निवडता 100 दाणे मोजले, गोणपाटात गुंडाळले आणि आमच्या घरी कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो हे माहीत असल्यानं स्वतःच्या घरी नेऊन रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी कोंब मोजले, 64. मी म्हणलं 65 धरू की तात्या, तर तुम्ही, "64 म्हणजे 64. सत्तरच्या खाली टक्क्याला अर्धा किलो वाढव, तिसाच्या जागी एकरी 33 किलो टाक." रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, ना पगार ना कमिशन, आणि एका दाण्याचीबी लबाडी नाही. मला तिथंच भरून आलतं, खोटं कशाला बोलू.

नंतर पाऊस आला, शेजारी तिफणी चालल्या, माझाबी जीव वरखाली. तुम्ही धुऱ्यावर खुरप्यानं माती उकरून दाखवली, वर चार बोटं ओल आणि खाली फुफाटा. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय हात लावू नको म्हणलात. लोक हसले बी. पुढं पंधरा दिवस पावसानं डोळे वटारले आणि हसणाऱ्यांनाच दुबार पेरावं लागलं, त्यात माझा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळं आनंद तरी कसा करावा.

धीर धर म्हणणारे लई भेटतात तात्या, पण आपल्यासंगं बसून दाणे मोजणारं माणूस गावात एखादंच असतं, आणि असल्या माणसांवरच गाव चालतंय असं मला वाटतं.

तुमचं गोणपाट धुऊन ठेवलंय. रास झाली की घेऊन येतो, चहा घ्यावाच लागंल, शुगरचं कारण चालणार नाही.