पहाटेची मॅच, दोहाचा माईक

जुलैत पहाटे सहाला दुधाची पिशवी आत घेतली, तर नातू टीव्हीसमोर! अमेरिकेत ‘एमआय न्यू यॉर्क’ ही मुंबई इंडियन्सच्या मालकांचीच क्रिकेट टीम खेळत होती. नावातली मुंबई एका अक्षरावर आली, जर्सी मात्र निळीच. २००९मध्ये आयपीएल निवडणुकीमुळे दक्षिण आफ्रिकेत गेली, तो नाइलाज होता. आताचे केप टाऊन, अमिराती, न्यू यॉर्क इथले ‘एमआय’ संघ हा सरळ धंदा आहे. असू दे. २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे दोन सामने झाले, ते आपणही कौतुकाने पाहिलेच की.

खटकते ते वेगळेच. फुटबॉलमधल्या महिला सहायक पंचाला ऑफसाइड कुठला कळायला, अशी टवाळी माईक बंद समजून केल्याचे प्रकरण २०११मध्ये ब्रिटनच्या स्काय स्पोर्ट्सवर गाजले. समालोचक अँडी ग्रेंना काढले, सूत्रसंचालक रिचर्ड कीज यांनी राजीनामा दिला. पुढे दोघे कतारमधल्या दोहात पुन्हा पडद्यावर! खेळ परदेशी गेला की अशांनाही नवे घर मिळते. आपल्या वाहिन्यांनी समालोचकांसाठीची आचारसंहिता निदान जाहीर तरी करावी. तोवर आमच्याकडे मॅच आवाज बंद करूनच चालते. (शेजारी झोपलेले असतात, हेही खरे.)

– एक वाचक, माहीम, मुंबई