पहिल्या शनिवारी कोण भेटतं? व्हिक्टोरियाच्या सामुदायिक क्रीडा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सामुदायिक क्रीडा मंत्री,
व्हिक्टोरिया राज्य, मेलबर्न

सप्रेम नमस्कार.

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतल्या एका नेटबॉल क्लबात (नेटबॉल म्हणजे बास्केटबॉलसारखा, पण चेंडू आपटत न नेता नुसत्या पासवर चालणारा, सात-सात जणींचा खेळ) मी मुलींच्या एका संघाची टीम मॅनेजर आहे. माझी मुलगी याच क्लबात खेळते, आणि इथल्या बहुतेक पालकांसारखीच मीही हे काम हौसेने, बिनपगारी करते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. इथे मराठीत लिहिते आहे ते टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक भागातल्या आयांसाठी. त्यांच्या मुलींसाठी सरकारकडे काय मागितलं जातंय, ते त्यांनाही आपल्या भाषेत वाचता यावं.

मागणी आधीच सांगते. क्लबांना कोर्ट आणि दिव्यांसाठी मिळणाऱ्या पैशांबरोबर माणसासाठीही पैसे द्या. नव्याने आलेल्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना पहिल्या महिन्यात हाताशी धरणारं, पगारी, अर्धवेळ का होईना, पण हक्काचं माणूस.

हे का, ते सांगते. मागच्या मोसमात पहिल्याच सामन्याला आमच्या संघात एक अकरा वर्षांची नवी मुलगी होती. सामना सुरू होण्याआधी अंपायर मुलींना रांगेत उभं करून नखं आणि दागिने तपासतात. नेटबॉलमध्ये चेंडूवर चार-चार हात एकदम पडतात, चेहऱ्यावर ओरखडे बसतात, म्हणून नखं आखूडच हवीत आणि दागिना अंगावर नको. नियम चांगलाच आहे. या मुलीच्या कानात सोन्याच्या बारीक रिंगा होत्या, फिरकीच्या, लहानपणी घातल्यापासून कधी न काढलेल्या. फिरकी काही केल्या निघेना. बाकीच्या सहा जणी बिब (खेळण्याची जागा सांगणारी अक्षरं असलेलं, ड्रेसवर चढवायचं कापड) चढवून कोर्टवर गेल्या, हिच्या जागी राखीव मुलगी उतरली, आणि हिची आई साबण शोधत शौचालयाकडे धावली. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांतला पहिला, संपला तेव्हा मुलगी लालबुंद कान घेऊन बाकावर बसली होती. विंग डिफेन्सचा बिब तिच्या मांडीवर तसाच होता आणि त्यावरच्या दोन अक्षरांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता.

त्या सकाळी वाईट कुणीच वागलं नाही. अंपायरने नियम पाळला, कोचने धीर दिला. पण आठवडाभर आधी त्या घरी कुणी फोन करून सांगायला हवं होतं की कानातलं काढून ठेवा, नखं कापा, बाटली आणा, अर्धा तास आधी या. ते काम क्लबात कुणाचंच नव्हतं. महिनाभरात ती मुलगी यायची थांबली. तिचं नाव मात्र वर्षभर नोंदणीच्या आकड्यात राहिलं.

नोंदणीचंही तेच. प्लेएचक्यू या नोंदणीच्या संकेतस्थळावर नाव घालताना राज्य संघटनेची वर्गणी, असोसिएशनची (म्हणजे भागातल्या क्लबांचे सामने भरवणाऱ्या संस्थेची) फी आणि क्लबची फी एकावर एक चढत जातात. गणवेश त्यावर वेगळा. या देशात नव्या आलेल्या कुटुंबाला वाटतं, आपल्याकडून दोनदा पैसे घेतले. खेळाच्या खर्चासाठी राज्य सरकारचं गेट ॲक्टिव्ह किड्स व्हाउचर पात्र मुलांना 200 डॉलरपर्यंत हातभार लावतं. पण ते आहे हे आमच्यातल्या कित्येकींना कळतं ते मोसम अर्धा उलटल्यावर, दुसऱ्या कुणा आईकडून, गाडी लावता लावता.

गणवेशावर थोडं थांबते, कारण मुली घरी येऊन आईशी याच गोष्टीवर बोलतात. नेटबॉलचा तो बिनबाह्यांचा, अंगासरशी बसणारा ड्रेस सगळ्यांनाच घालावासा वाटतो असं नाही. शॉर्ट्स, लेगिंग्ज, लांब बाह्या, हिजाब या सगळ्याला नेटबॉल ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक सूचनांत जागा आहे, आणि मला त्याचं फार कौतुक आहे. पण क्लबच्या ऑर्डर फॉर्मवर फोटो एकट्या ड्रेसचा असेल, तर बारा वर्षांची कुठली मुलगी तोंड उघडून विचारेल? ती विचारत नाही. पोट दुखतंय म्हणते आणि घरी राहते.

आपल्या राज्याचा कायदा या बाबतीत क्लबांच्या बराच पुढे आहे. 1 जुलै 2022 पासून लागू असलेल्या बालसुरक्षेच्या 11 मानकांतलं चौथं मानक म्हणतं की कुटुंबांना माहिती दिली पाहिजे आणि त्यांना सामील करून घेतलं पाहिजे. पाचवं मानक प्रत्येक मुलाच्या वेगळ्या गरजांचा मान राखायला सांगतं. आमच्या समितीने धोरणाची फाइल मन लावून तयार केली आहे. पण चौथं मानक फाइलमधून उठून एखाद्या आईच्या फोनपर्यंत पोचायचं तर संध्याकाळचे चार तास कुणाला तरी द्यावे लागतात. आमची सचिव दिवसभर रुग्णालयात नर्स आहे. रात्री अकराला ती सामन्यांचं वेळापत्रक आणि पालकांच्या ड्युटीची यादी पाठवते. तिच्याकडून आणखी काही मागायला जीभ रेटत नाही.

कोर्टांबद्दल तक्रार नाही. राज्य सरकारच्या फेअर ॲक्सेस धोरणामुळे 1 जुलै 2024 पासून निधी हवा असलेल्या नगरपालिकांना मैदानं आणि सोयी मुली-महिलांनाही बरोबरीने द्याव्या लागतात. फूटीचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा) संघ आधी आणि आम्ही उरलेल्या वेळेत, ही जुनी रीत बदलायला त्याने बळ मिळालं. त्याबद्दल मनापासून आभार.

आता बाकाबद्दल. नेटसेटगो या लहान मुलांच्या नेटबॉल उपक्रमात, म्हणजे 5 ते 10 वर्षांच्या वयात, चेंडू लहान असतो, नियम सैल असतात आणि सगळ्या मुलींना खेळायला मिळतं. अकरा-बाराव्या वर्षी गुणतक्ता येतो, फायनल्स येतात, आणि चार क्वार्टरांपैकी दोन-तीन बाकावर काढणाऱ्या मुली ठरून जातात. गोल शूटर आणि सेंटर या जागांवरच्या मुली बदलायला कोचचं मन होत नाही. स्पर्धा मला हवी आहे, माझ्या मुलीलाही हवी आहे. पण सर्वांत खालच्या श्रेणीतल्या संघातही हेच चालावं हे मला पटत नाही. सामान्य श्रेण्यांत प्रत्येक मुलीला सामन्यात किमान दोन क्वार्टर खेळवण्याचा नियम असोसिएशनांनी करावा आणि अनुदान देताना आपल्या खात्याने त्याची विचारणा करावी. फी सगळ्यांची सारखी आहे.

शिट्टी वाजवणाऱ्या मुलींनाही मी सदस्यच मानते. तेरा-चौदा वर्षांच्या या अंपायरना कोर्टबाहेरून मोठी माणसं ओरडतात. चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त धरला की नाही, बचाव करणारी चेंडूवालीपासून 0.9 मीटर दूर उभी होती की नाही, हे त्या पोरींनी क्षणात ठरवायचं आणि पुढे तासभर ऐकून घ्यायचं. त्यांच्या शेजारी उभी राहणारी अनुभवी अंपायर असली की ओरडणारे गप्प होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या अनुभवी बाईच्या मानधनाचीही सोय व्हावी.

आणि आमच्या आया. त्यांच्याकडे क्लब अजून गरजू म्हणूनच बघतात, ते मला खुपतं. यांतल्या कितीतरी जणी सांगली, सातारा, पुण्याच्या शाळांतून खो-खो खेळलेल्या आहेत. झुकांडी कशी द्यायची, समोरचीचं वजन कोणत्या पायावर आहे ते बघून उलटं कसं पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. नेटबॉलमध्ये मोकळी होऊन चेंडू मागण्याचं सगळं कसब तेच तर आहे! आमच्यातल्या एकीने सरावाला सहज म्हणून मुलींना दहा मिनिटं झुकांड्या शिकवल्या. पुढच्या आठवड्यात मुलींनी तिलाच हाक मारली. तिला आजवर कुणी विचारलं होतं ते फक्त संत्र्याच्या फोडी आणण्याबद्दल आणि कॅंटीनच्या ड्युटीबद्दल. कोचिंगचा पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो, मुलांबरोबर काम करण्यासाठी लागणारी तपासणी स्वयंसेवकांना मोफत आहे. वाट मोकळी आहे, पण या बायकांना कुणी विचारत नाही. विचारणं हेही मी मागते आहे त्या पगारी माणसाचं, म्हणजे समन्वयकाचं, काम असेल.

हे माणूस प्रत्येक क्लबाला वेगळं देणं परवडणार नाही, हे मला कळतं. असोसिएशनमागे एक द्या. आठवड्याचे पंधरा-वीस तास पुरतील. पश्चिम मेलबर्नमध्ये त्याला पंजाबी, हिंदी, मराठी, तेलुगूपैकी एखादी भाषा येत असली तर उत्तम. मोसमाआधी त्याने नव्या कुटुंबांना फोन करावेत, प्रत्येक क्लबात एक संध्याकाळ बसून बिब, नखं, फी, ड्युटी, गुणपत्रक समजावून सांगावं, निवडीच्या चाचण्या ऐन दिवाळीच्या आठवड्यात ठेवू नयेत हे समितीला सुचवावं. मध्येच गळालेल्या मुलीच्या घरी एकदा विचारपूस करावी. आणि अनुदानाच्या अर्जात किती मुलींनी नाव नोंदवलं याबरोबर किती जणी दुसऱ्या वर्षी परतल्या, हेही भरायला लावा. तो रकाना आला की समित्यांच्या बैठकीत या मुलींचा विषय निघेल.

राज्याचा अर्थसंकल्प मे महिन्यात येतो. आमच्या भागातल्या दोन-तीन असोसिएशनांत एका मोसमापुरता हा प्रयोग करून पाहण्याइतकी तरतूद त्यात होईल का, याचं उत्तर मला आपल्याकडून लेखी हवं आहे. ते मी आमच्या सगळ्या संघांच्या व्हॉट्सॲप गटांवर मराठीत, आणि मैत्रिणींच्या मदतीने पंजाबी आणि तेलुगूतही, पोचवीन.

आपली,
एक टीम मॅनेजर आणि नेटबॉल खेळणाऱ्या मुलीची आई
मेलबर्न पश्चिम