आई-बाबा, तारीख ठरली आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, आमच्याकडे सगळे बरे आहेत. फोनवर बोलायचा तीनदा प्रयत्न केला. पण आई फोनवर सगळ्यालाच "हो, हो" म्हणते आणि बाबा, तुम्ही विषय बदलता. म्हणून लिहायला बसले.

आधी एक विनंती. बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवू नका. मधले परिच्छेद गाळून तर मुळीच नको. चष्मा पुसून द्या आणि पत्र तिच्या हातात द्या. तिला वेळ लागेल. लागू दे.

पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आपण तिघं आईला दाखवायला मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे विसरण्याची तपासणी करतात त्या दवाखान्यात, जाणार आहोत. वेळ घेऊन झाली आहे, मी तीन आठवड्यांची रजा टाकली आहे, दादाशीही बोलणं झालंय. आणि १ तारखेपासून रोज सकाळी चार तास एक बाई मदतीला येतील. हे सगळं तुम्हाला न विचारता ठरवलं. विचारलं असतं तर तुम्ही "बघू, पुढच्या खेपेला" म्हणाला असता, आणि ते मी दोन वर्षं ऐकतेय. तरीही विचारायला हवं होतं, हे मला कळतं. दादाचं तेच म्हणणं होतं. त्यामुळे राग आला तर माझ्यावर काढा, त्याला काही बोलू नका.

आई, मागच्या खेपेला आले तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर शब्दकोडं पडलेलं होतं. तू कोडं नेहमी पेनाने सोडवतेस. पेन्सिल घेतली की माणूस विचार न करता लिहितं, असं मला सांगायचीस. त्या कोड्याचा वरचा डावा कोपरा भरलेला होता, तुझ्या त्याच सरळ, छापल्यासारख्या अक्षरात. त्याखाली एका चौकोनात एक अक्षर लिहिलेलं, खोडलेलं, परत लिहिलेलं, परत खोडलेलं. इतकं, की तिथे कागद फाटला होता. पुढचं सगळं कोरं. आणि खाली अकरा पेपर होते, घडीसुद्धा न मोडलेले. मी मोजले. सकाळचे अकरा वाजले होते आणि तू आत भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. झोपलेली नव्हतीस, मला कळत होतं.

तेव्हापासून त्या टेबलाचाच विचार करतेय. फाटलेला चौकोन म्हणतो, जमत नाहीये. न उघडलेले पेपर म्हणतात, करावंसंच वाटत नाहीये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि यातली कुठली आधी आली हे आपल्यापैकी कुणालाच घरबसल्या सांगता येणार नाही. मला नाही, दादाला नाही, आणि बाबा, तुम्हालाही नाही. तुम्ही "वय झालं की होतंच" म्हणता. होतं थोडं. नाव पटकन आठवत नाही, मग संध्याकाळी आपोआप आठवतं, ते वयाचं. पण गॅसचं जे झालं ते वयाचं नव्हतं. आणि मावशी गेल्यापासून आईने एकदाही तिचं नाव घेतलेलं नाही, तेही वयाचं नाही.

गेले दोन महिने रात्री याच विषयावरचं वाचत बसतेय. म्हातारपणातलं नैराश्य बऱ्याचदा उदास चेहरा घेऊन येतच नाही. ते अंगदुखी होऊन येतं, पहाटे तीनला उघडणारे डोळे होऊन येतं, "काही नको" होऊन येतं. कधी चक्क विस्मरण होऊन येतं. मन इतकं जड झालेलं असतं की समोरचं बोलणं आत पोचतच नाही, आणि जे आत पोचलंच नाही ते आठवणार कुठून? किलोह नावाच्या डॉक्टरांनी १९६१ साली अशा रुग्णांवर लेख लिहिला. वरवर स्मृतिभ्रंशच वाटावा असे लोक, पण मुळात आजार मनाचा, आणि उपचारांनी त्यांचं विसरणं मागे हटलं. हे वाचलं त्या रात्री मी रडले, आई. सुटल्यासारखं वाटून रडले.

पण नुसतं तेवढंच सांगितलं तर ती तुमची फसवणूक होईल. लंडनमधल्या १०,१८९ सरकारी नोकरांवर जवळजवळ २८ वर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, तो २०१७ साली छापून आला. मध्यमवयात नैराश्य येऊन गेलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका जास्त दिसला नाही. पण ज्यांना शेवटी डिमेन्शिया झाला, त्यांची मनःस्थिती निदानाच्या साधारण ११ वर्षं आधीपासून इतरांपेक्षा वेगळी दिसू लागली होती. म्हणजे उतारवयात नव्याने आलेली उदासी हा कधीकधी त्या आजाराचाच पहिला पायरव असतो. एक असेल, दुसरं असेल, दोन्ही असतील. दोन्ही असली तरी नैराश्यावर उपचार होतातच, आणि ते उतरलं की माणसाचे दिवस बरे जातात. म्हणून जायचं. तुझ्यावर कसला शिक्का मारून घ्यायला नाही.

तिसरी शक्यताही आहे आणि मला तिचीच सगळ्यात जास्त आशा आहे. बी-१२ कमी असलं, थायरॉइड मंदावलं, तरी माणूस असंच विसरतं, असंच मलूल होतं. दोन्ही साध्या रक्त तपासणीत कळतात. शिवाय गोळ्या. आई, झोप यावी म्हणून तू ती ॲलर्जीची जुनी गोळी घेतेस ना? त्या जातीच्या बऱ्याच गोळ्या मेंदूत आठवणीसाठी लागणारं एक रसायन अडवून धरतात आणि उतारवयात त्याने गोंधळ वाढतो. आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टर ठरवतील. पण ती त्यांना दाखवायचीच आहे.

आणि कान. हे तुला आवडणार नाही, तरी लिहिते. फोनवरचं "हो, हो" हे विसरणं नाही, तुला ऐकू येत नाही, हे मला आता पटलंय. डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांच्यावर काही करता येतं अशा १४ गोष्टी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली मांडल्या. त्यांत कमी ऐकू येणं आहे, नैराश्य आहे, एकटेपणा आहे, रक्तदाबही आहे. या चौदाही गोष्टी जगभरात दूर करता आल्या तर जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. एकट्या माणसाला ती टक्केवारी तशीच लावता येत नाही, पण करण्यासारखं काही आहे, एवढं तरी कळतं. श्रवणयंत्रांचाही अमेरिकेत एक प्रयोग झाला, सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांवर, तीन वर्षं. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तुझं नाव कुठल्या गटात बसेल ते ठाऊक नाही. पण निदान माझा आवाज तरी तुला नीट ऐकू येईल. मला तेवढ्यासाठीही ते यंत्र हवंय.

तिथे काय करतात ते सगळं विचारून घेतलंय, म्हणजे तुला धास्ती नको. सुई फक्त एकदाच, रक्तासाठी. मग एक बाई शांतपणे समोर बसून प्रश्न विचारतील. आज वार कुठला, शंभरातून सात वजा करत जा, पाच शब्द लक्षात ठेव आणि थोड्या वेळाने सांग, घड्याळाचं चित्र काढ. ही चाचणी ३० गुणांची असते. पास-नापास असं त्यात काही नसतं. मग मनाबद्दल पंधरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. ते खास वयस्क माणसांसाठी तयार केलेत आणि त्यात झोप, दुखणीखुपणी यांबद्दल मुद्दाम विचारत नाहीत, कारण या वयात ती मन आनंदात असलं तरी असतातच. हे वाचून मला फार बरं वाटलं. कुणीतरी म्हाताऱ्या माणसांचा नीट विचार केलाय. आई, तिथे खरं ते सांग. आम्हाला काय वाटेल याचा विचार करू नकोस. मी खोलीबाहेर थांबेन. दाराशीच असेन, तू मला शाळेच्या पहिल्या दिवशी सोडायला आली होतीस आणि सुटेपर्यंत त्या कट्ट्यावर बसून राहिलीस, तशी.

आता बाबा, तुमच्याशी. आईला प्रश्न विचारला की उत्तर तुमच्याकडून येतं. हे मला आधी दिसलंच नाही, इतकं तुम्ही ते सफाईने करता. तिला कुणाचं नाव आठवलं नाही की तुम्ही बोलता बोलता ते नाव घेता. दोन वर्षं तुम्ही तिची लाज राखलीत, एकट्याने, आम्हाला कळू न देता. त्याबद्दल तुम्हाला काय म्हणू? पण १२ तारखेला तिच्या वतीने बोलू नका. ती अडखळली तर अडखळू द्या. तुम्हाला ते बघवणार नाही, म्हणून तुमच्यासाठी बाहेर वेगळी खुर्ची आणि वेगळी वेळ मागून घेतली आहे. हो, तुमचीही तपासणी होणार आहे. तुमचं वजन किती उतरलंय ते मी अंगठीवरून ओळखलं.

मदतीच्या बाईंना नाही म्हणू नका. न्यूयॉर्कमध्ये ४०६ नवरा-बायकोंचा अभ्यास झाला, एकाला स्मृतिभ्रंश, दुसरा सांभाळणारा. अर्ध्या जणांत सांभाळणाऱ्याला वाढीव समुपदेशन मिळालं, घरच्यांच्या बैठका घेतल्या गेल्या, अडीनडीला फोन करायला हक्काचं माणूस मिळालं. औषध नवीन काहीच नव्हतं. त्या घरांतला आजारी माणूस संस्थेत ठेवण्याची वेळ साधारण ५५७ दिवसांनी पुढे गेली. दीड वर्ष, बाबा, घरातलं, आपल्या खाटेवरचं! तुम्ही विश्रांती घेतलीत तर त्याचा फायदा आईलाच होतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर हिशोब बसतो.

आणि काही बदलणार नाही. खिडकीजवळची खुर्ची आहे तिथेच राहील. बाई कपाटाला हात लावणार नाहीत, देव्हारा आणि तुमचं टेबल आवरणार नाहीत, मी लिहून दिलंय. दुपारी दोन ते चार कुणी बेल वाजवणार नाही. रेडिओ तुमच्या आवाजात चालेल. रात्रीचा छोटा दिवा मात्र मी बदलणार आहे, न्हाणीघरापर्यंत पायाखालचं दिसेल असा. घर सोडायचं, कुठे ठेवायचं, असं काहीही कुणाच्या मनात नाही. दादाच्याही नाही. ती जिन्यातली गोष्ट तो रागात बोलला होता, त्याला अजून तिचं वाईट वाटतं.

समजा डिमेन्शियाच निघाला, तर? लवकर कळलं तर आज निदान काही पर्याय तरी असतात. अगदी सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकारात, द्यायची नवी इंजेक्शनं आली आहेत. ती आजार बरा करत नाहीत, वेग थोडा कमी करतात, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून सगळ्यांना देतही नाहीत. मी त्यांच्यावर आस लावून बसलेली नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कसं राहायचं, कुणी काय ठरवायचं, हे आई स्वतः सांगू शकते तोवर तिच्या तोंडून ऐकावं. आई, तुझ्या वतीने मी आत्ता जे ठरवलं ना, तसं पुन्हा करावं लागू नये म्हणूनच ही सगळी घाई.

आता नीट वाचा. सगळ्या गोळ्या, रोजच्या, कधीतरीच्या, शेजारून आणलेल्या, डब्यात न काढता पाकिटांसकट एका पिशवीत भरा. दोघांचे चष्मे बरोबर घ्या. बाबा, गेल्या वर्षभरात काय बदललं ते वहीत लिहा, तारखा आठवल्या तर तारखांसकट, आणि ते आईला वाचू द्या, तिच्या पाठीमागे नको. आईने रोज सकाळी उन्हात थोडं चालायचं, मनात नसलं तरी. दारापर्यंत गेली तरी चालेल. आणि बाबा, आईने परत "आता कशाला राहायचं" असं म्हटलं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, जीव नकोसा झालाय का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. आणि तिला एकटं न सोडता लगेच मला किंवा दादाला फोन करा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

आई, मावशीबद्दल आपण बोललोच नाही. तुला त्रास होईल म्हणून मी टाळलं, आणि मला त्रास होईल म्हणून कदाचित तू. मी येतेय ना, तीन आठवडे आहेत. तुला बोलावंसं वाटलं तर बोलू. नाही वाटलं तर तुझ्या कुशीत नुसती पडून राहीन, पांघरूण माझ्याकडे ओढत, पूर्वीसारखी.

१० तारखेला संध्याकाळी पोचते. न्यायला येऊ नका, मी येईन.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून दोन आठवडे झाले, हे मला दादाकडून कळलं. आज आणा. आणल्या की रात्री त्याला फोन करून तसं सांगा.